हाताच्या मापाची मशीन

आमच्या घरमालकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी तोलायचे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पेढे नेले होते. त्यांनी पुडा उघडला नाही. तळहातावर घेतला, कोपर जरासं खालीवर केलं आणि म्हणाले, "पाव किलो म्हनून देल्ले असन त्यानं. दोनशे तीस हाय, खोकं धरून."

मी कसंनुसं हसलो. आतून काकू म्हणाल्या, "अवो, खाऊन तं पाहा आंधी. गोड हायेत का नाई, ते काय काट्यावर समजनार हाय?"

बाजार समितीत त्यांनी मापारी म्हणून जन्म काढला होता. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी आणि मधे काट्यापाशी उभा राहून पोतं मोजणारा तो मापारी. दोघांनाही तो आपल्या विरुद्ध आहे असं वाटत असतं, त्यामुळे माणूस एक तर भांडकुदळ होतो किंवा अगदी शांत. आमचे काका शांत झाले होते. सगळी गल्ली त्यांना मापारीच म्हणायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात ताणकाटा असायचा. वर कडी, खाली आकडा, तसा साधा. पण तो ते सहसा काढत नसत. "डोये फसवते गुरुजी, हात नाई फसवत," असं म्हणून ते वस्तू हातावरच जोखायचे. शेजारच्या बारशाला त्यांनी बाळ घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, "तीन किलोले पन्नास कमी." बाळाची आजी उसळली. म्हणाली, दवाखान्यात कालच मोजलं, दोन आठशे भरलं. काका म्हणाले, "अन् दुपट्याचं कोन धरन?"

त्यांची आणखी एक खोड होती. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं पुढं जायचं. ही रीत जुनीच आहे, पण काकांनी ती काट्यापाशी ठेवली नव्हती, घरी आणली होती. कुकरची पहिली शिट्टी झाली की ओसरीवरून आवाज यायचा, "लाभ!" गोळ्या घेताना लाभ, जिना चढताना लाभ. माझ्या विज्ञानाच्या पेपरांचा गठ्ठा त्यांनी एकदा हातावर घेतला आणि म्हणाले, "पोरायनं कमी लिवलं यंदा." निकाल लागला तेव्हा मी त्यांना तोंड दाखवलं नाही.

त्यांच्याकडे एक छोटी जुनी गाडी होती, पांढरी. तिची किरकोळ दुरुस्ती ते स्वतःच करायचे. तेल बदलणं, प्लग पुसणं, ब्रेक साफ करणं. चाकाच्या नटांबद्दल तर त्यांचा कायदाच होता. नट खोलायला पाहिजे ते हत्यार लावा, आवळायला मात्र हातच. पंक्चरवाले मशीन लावून नट आवळतात, या गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. मला तो राग म्हातारपणाचा हट्ट वाटायचा. मग त्या उन्हाळ्यात पातूरच्या घाटात आमचं चाक बसलं.

मी सुट्टीत अकोल्याला घरी निघालो होतो आणि ते दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात. काकांनी पाना लावला, मी जोर लावला, मग काका पान्यावर उभे राहिले. आठवड्यापूर्वीच एका पंक्चरवाल्याने मशीनने आवळलेले ते नट. पाना वाकला, नट हलला नाही. दोन तास काकू उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. शेवटी एका ट्रकवाल्याने लांब पाइप घालून ते खोलून दिले. काकांनी त्याचे आभार मानले, गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

"आज आपुन दोन मानसं होतो," ते मला म्हणाले. "अन् नसतो तं?"

या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नाही. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता, हे माहीत होतं. एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसरा कडेकडेने मिटत चालला होता. त्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. नजर आहे तेवढी टिकवायची तर दर महिन्याला तपासणीला मात्र यायलाच पाहिजे. पुण्याच्या मुलाला हे कळलं आणि त्याचा फोन आला. गाडी विका, घराला कुलूप लावा, दोघंही इकडे या. दसऱ्याला येतो, सगळं उरकूनच जाऊ. मुलगा वाईट नव्हता. काळजीनेच बोलत होता. पण काका पुण्याला आठ दिवस राहून आले होते. नवव्या मजल्यावर. "तिथं कोनी कायी मोजतच नाई गुरुजी," एवढंच ते म्हणाले, आणि मला ते फार लागलं. काकूंना एसटी लागायची आणि एकट्या काकांना आता ती धरवत नव्हती. गाडी गेली की अकोल्याची वाट बंद, आणि ती वाट बंद झाली की घरही सुटणार. हे त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं.

अशा वेळी माणूस काय करील? आमच्या काकांनी नट खोलायची बॅटरीची मशीन घ्यायची ठरवली. छोटी, स्वस्त, पाच हजारांच्या आतली. ज्याला गाडी चालवायचीच नाही त्याला ही मशीन कशाला, असं माझ्या मनात आलं. बिचारा मन रमवतोय, म्हणून मी गप्प बसलो.

त्या खरेदीला अडीच महिने लागले. लग्नं याहून लवकर जमतात.

आधी मला मोबाइलवर शोधायला लावलं. मी एक मशीन दाखवली. शेकडो लोकांनी चांगली म्हणून लिहिली होती. काका म्हणाले, "वाचा." मी वाचलं. पार्सल लवकर आलं, पॅकिंग छान, रंग सुंदर.

"ह्या लोकायनं नट खोलला काय का डब्बाच खोलला?" काकांनी विचारलं. "पार्सल लौकर आलं म्हनून पाच चांदन्या! अन् जोर किती हाय?"

"डब्यावर हजार लिहिलंय. हजार न्यूटन मीटर."

"एवढीशी मशीन अन् हजार? व्यापारी हाय का कोन हाय तो?"

मग त्यांनी स्वतःचा काटा तयार केला. भंगारातून जुन्या गाडीच्या चाकामागचा हब आणला, तो बाभळीच्या ओंडक्यावर पक्का बसवला आणि त्यात चार नट लावले. नट किती आवळायचा, हे मोजायची त्यांची पद्धत पाहून मी विज्ञानाचा मास्तर चाट पडलो. पान्याला पाइप जोडून बरोबर एक मीटर लांबी केली आणि टोकाला बाजार समितीतलं जुनं दहा किलोचं लोखंडी वजन लटकवलं. आडवा पाइप वजन पेलून धरील इतकाच नट आवळायचा. मी हिशेब केला. अठ्ठ्याण्णव न्यूटन मीटर. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. काकांना न्यूटन कोण हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

"हा मानसाचा हात," ते म्हणाले, मग आणखी एक दहा किलो लटकवून नट आणखी आवळला. "अन् हा पंक्चरवाल्याचा. हे जे खोलन, ते मशीन आपली."

तो ओंडका सतरा किलोचा होता. मला नक्की माहीत आहे, कारण वाशीमच्या आणि अकोल्याच्या दुकानांच्या पायऱ्या तो घेऊन मीच चढलो. दुकानदार आधी हसायचे, मग चिडायचे. हजारवाल्या मशीनने टर्रर्र असा आवाज काढला आणि दुसऱ्या नटावर मान टाकली. दुसरीने नट खोलला, पण ती हातात अशी नाचली की दुकानातल्या पोऱ्याच्या मनगटाला हिसका बसला. तिसरीची बॅटरी सुटी मिळत नव्हती. काका म्हणाले, "बॅटरी मेली की मशीन मेली, मंग हे काय लोनचं घालाले घ्यायची?" अकोल्याला एक मोठी मशीन निघाली. तिने चारही नट मुंग्या झटकाव्यात तसे झटकले. मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात काकांनी खिशातून ताणकाटा काढला. मशीन आकड्याला अडकवून काटा माझ्यापुढे धरला.

"वाचा गुरुजी."

"तीन किलो दोनशे."

"नाई जमत."

दुकानदार वैतागला. "काका, सत्तर-सत्तर किलोचे पोते फिरवले तुमी जिंदगीभर. दीड किलो इकडं का तिकडं, तुमाले काय फरक पडते?"

"फरक पडते," काका म्हणाले आणि काटा खिशात ठेवला. मी ओंडका उचलला. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. म्हातारा चिक्कू तर आहेच, वर विक्षिप्तही आहे, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

मग एका रविवारी त्यांनी खालून हाक मारली. वाशीमच्या एका दुकानात नवीन माल आला होता. मी खाली आलो तर गाडी दारात उभी, मागच्या सीटवर ओंडका आधीच बसलेला. काका डावीकडे बसले होते. मी म्हटलं, चालवणार कोण? तेवढ्यात काकू घरातून आल्या, चपला नीट केल्या, स्टेअरिंगमागे बसल्या आणि साडीच्या निऱ्या आवरून घेतल्या. साठीला दोन वर्षं कमी असलेली बाई.

"लाभ," काका म्हणाले. काकूंनी पहिला गिअर टाकला. "क्लच सोड. पावशेर. आनखीन पावशेर. रेस दे आता, अदपाव." गाडी निघाली. "दोन," काका म्हणाले, आणि दुसरा पडला.

बाजार समितीचं रिकामं आवार, पहाटेची वेळ, दोन महिने. वाशीमला परीक्षा देऊन काकूंनी लायसनही आणलं होतं. वरच्या खोलीत झोपणाऱ्या मला पत्ता नव्हता. "मुलाला सांगितलं?" मी विचारलं.

"कायले?" काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तो भेईन. मंग मीबी भेईन."

दुकानात काकांनी त्या वेळी काटा काढलाच नाही. नवी मशीन घेतली, वीतभर लांबीची, आणि ती काकूंच्या हातात दिली. "धर. हात सरय कर. असाच ठेव." आणि मोजायला लागले. लाभ, दोन, तीन. दुकानदार बघत राहिला, मी बघत राहिलो. काकूंचा हात काकणांसकट सरळ होता. चाळीसपर्यंत मोजलं तरी थरथरला नाही. "आता दाब," काका म्हणाले. काकूंनी ओंडक्यावरचा नट पकडला, कळ दाबली. टक-टक-टक-टक झालं आणि पंक्चरवाल्याच्या जोराचा नट सुटून आला. काकू दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या.

मशीन होती दीड किलोच्या जरा वर. तेवढ्याचसाठी अडीच महिने. घाटात ज्या हातांना पाना हलणार नव्हता, त्या हातांचं माप काका दुकानोदुकानी घेऊन फिरत होते, आणि मी त्यांना चिक्कू म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली. परत येताना ओंडका मी मांडीवर घेतला, तेवढंच प्रायश्चित्त.

खंडेनवमीला त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असायची. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विश्रांती. देवघरातल्या पाटावर लाल कापड घालून काकांनी सगळं मांडलं. दहा किलोची वजनं, ताणकाटा, पाने, आणि मधोमध नवी मशीन. बॅटरी काढून तिच्याशेजारी ठेवली. देवघरात समईचा उजेड तेवढा. काका एकेका वस्तूवरून हात फिरवत होते, जागा शोधत होते आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवत होते. मी शिरा खात होतो. चार वर्षांत मी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो. मुलाला दसऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो त्या सकाळी रेल्वेने उतरणार होता. त्याला घ्यायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. निघताना काकांनी पाटावरची मशीन उचलली, बॅटरी चाचपून बसवली आणि डिकीत ठेवली. गाडीला झेंडूचा हार होता. काकू चालवत होत्या. मेडशी गाव मागे पडलं आणि थोड्या वेळाने गाडी डावीकडे ओढायला लागली. काकूंनी ती हळूच कडेला घेतली. पुढचं चाक बसलं होतं.

मी बाह्या सरसावून उतरलो.

"तुमी उभे राहा गुरुजी," काका म्हणाले. "तुमची उद्या बदली होईन. मंग?" आणि ते स्वतःही किलोमीटरच्या दगडावर जाऊन बसले.

काकूंनी मागच्या चाकाला दगड लावला. स्टेपनी काढली, जॅक काढला. गाडी उचलायच्या आधीच नट सैल करायचे, हे त्यांना पाठ होतं. मशीनच्या तोंडाला नटाच्या मापाची गोटी बसवली, नटावर टेकवली, कळ दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. दिवासुद्धा लागला नाही.

"चार्ज करेल होती," काका दगडावरून म्हणाले. "गुरुजी, तुमीच पाह्यले ना आठ दिवसांआंधी? सगये हिरवे दिवे?"

"पाहिले होते."

त्यांनी मशीन मागून घेतली, हातावर तोलली, कुठं काय चुकलं ते जणू वजनातून कळेल. रस्त्यावरून एक ट्रक गेला. तासाभरात मुलाची रेल्वे अकोल्याला लागणार होती. आता मुलाला फोन करावा लागणार, तो कुणाला तरी घेऊन येणार, रस्त्यावर उभे असलेले आईबाप बघणार आणि मग बोलायला काही उरणार नाही. हे तिघांनाही कळत होतं.

"चुकलं वाटते माहं," काका म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

काकूंनी मशीन परत घेतली आणि बॅटरी काढून उन्हात धरली. तशाच थांबल्या. मी वाकून पाहिलं. जिथून वीज मशीनमध्ये जाते, त्या बारीक खाचांमध्ये हळदकुंकू घट्ट वाळून बसलं होतं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काई नाई. हयद बसली हाय."

काकांनी हात पुढं केला. बॅटरीवरून बोट फिरवलं आणि ते बोट त्या खाचांवर थांबलं. "म्या मधात लावलं," ते म्हणाले. "मले वाटलं, तो माथा हाय तिचा." मग म्हणाले, "मले दिसलंच नाई वो."

इतक्या महिन्यांत त्यांनी हे वाक्य प्रथमच उच्चारलं होतं. कडेनं मिटत चाललंय, जरा धूसर आहे, चष्मा विसरलो, असंच ते म्हणायचे. मी रस्त्याकडे तोंड केलं.

काकूंनी पिशवीतून काडेपेटी काढली. काल गाडीच्या पूजेला नेलेली ती तशीच होती. एकेक काडी घेऊन खाचा कोरल्या, फुंकर मारली, पदराने पुसलं, पुन्हा कोरलं. घाई केली नाही. "मले दिसते ना," त्या कामावरून मान न उचलता म्हणाल्या. "तुमी सांगा, मी पाह्यतो."

बॅटरी बसवली. कळ दाबली. टक-टक-टक-टक.

चारही नट सैल झाले. मग जॅक लावला, गाडी उचलली, चाक उतरवलं, स्टेपनी चढवली. मी फक्त पंक्चर झालेलं चाक डिकीत टाकलं, तेवढी परवानगी मिळाली. गाडी खाली आल्यावर काकूंनी मशीन बाजूला ठेवली आणि पान्याने नट आवळले. शेवटी काका उठले. गाडीला हात लावत लावत चाकापाशी आले, गुडघ्यांवर बसले. काकूंनी त्यांचा हात धरून पान्यावर ठेवला.

"लाभ," काका म्हणाले आणि पाना दाबून पाहिला. "दोन. तीन." चौथ्याला ते थांबले, पुन्हा दाबला. "चार. बराबर हाय."

स्टेशनबाहेर मुलगा बॅग घेऊन उभा होता. गाडी त्याच्यासमोर थांबली आणि उजवीकडच्या दारातून आई उतरली. तो आईकडे बघत राहिला, मग बापाकडे, मग माझ्याकडे, जणू हे सगळं मीच केलं असावं. बॅग ठेवायला त्याने डिकी उघडली तर आत पंक्चर झालेलं चाक आणि त्यावर ती मशीन. त्याने ती उचलून पाहिली.

"चाक कुणी बदललं?"

"तुह्या मायनं," काका डावीकडून म्हणाले.

"बाबा, पण ही तर खेळण्यासारखी आहे. घ्यायचीच होती तर मोठी घ्यायची ना."

"माह्या हाताची नाई ते. तुह्या मायच्या हाताची हाय."

मुलाने हातातली मशीन जपून जागेवर ठेवली. मग सवयीने गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना चाकाचं काळं लागलं होतं आणि नखांत हळद होती.

"मांगं बस," त्या म्हणाल्या. "गुरुजीच्या बाजूले."

तो मागे बसला. मी जरा सरकलो. काकूंनी आरसा नीट केला, निऱ्या आवरल्या, क्लच दाबला, आणि पहिला गिअर पडायच्या आत डावीकडून आवाज आला, "लाभ."